नोलिचकी जॅकचा सातबारा

प्रश्न थोडक्यात असा: "मुलाकडे टेनेसीला आलो होतो. नॉक्सव्हिलच्या जुन्या कोर्टाच्या आवारात जॉन सेव्हियर नावाच्या माणसाचं स्मारक पाहिलं. त्यावर कोरलंय की हा पस्तीस लढाया लढला आणि पस्तीसही जिंकला, सहा वेळा गव्हर्नर झाला. एक जण म्हणाला, हा टेनेसीचा जनक. दुसरा म्हणाला, जमिनी लाटणारा आणि चेरोकींची गावं जाळणारा. खरं काय?"

दोन्ही खरं आहे. पण ही दोन माणसं नव्हेत, एकच आहे, आणि ते एकदा जमिनीच्या कागदांतून पाहिलं की गोंधळ राहत नाही. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बारा वर्षं महाराष्ट्रात मोजणीचं काम केलं आणि पुढची वीस वर्षं पूर्व टेनेसीच्या डोंगरांत लोकांच्या हद्दी शोधतोय. इथल्या एखाद्या शेताची मालकी मागेमागे तपासत गेलात की बरेचदा शेवटी १७८०-९० च्या सुमाराचं नॉर्थ कॅरोलायना सरकारचं जमीनपत्र हाती येतं. "पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून ओढ्याकाठाने एकशे साठ पोल, पॉपलरच्या झाडापर्यंत" अशा धर्तीचं त्याचं वर्णन असतं. ओक कधीच पडलेला असतो, ओढ्याने पात्र बदललेलं असतं. पोल म्हणजे साडेसोळा फूट. डोंगरात लांब साखळी ओढता येत नसे म्हणून दोन पोलांची, म्हणजे तेहतीस फुटी साखळी वापरत. आपली शंकू साखळीही तेहतीस फुटीच. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे गुंठा. दोन्हींच्या मुळाशी एकच इंग्रजी साखळी. मला या माणसात रस निर्माण झाला तो या कागदांमुळे.

आधी उच्चार. इथले लोक 'सेव्हीर' म्हणतात, 'व्ही' लांबवून. डॉली पार्टन ज्या सेव्हीर काउंटीतली, ती याच्याच नावाची. मूळ आडनाव झेवियर. फ्रान्समधल्या धर्मछळातून निसटलेलं हे प्रोटेस्टंट घराणं. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे त्या संत झेवियरांशी आपलं नातं आहे असं घरात सांगत. कुळकथा म्हणून ऐकायचं आणि पुढे जायचं.

जॉनचा जन्म २३ सप्टेंबर १७४५ चा, व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यातला. १७६१ मध्ये, मिसरूड फुटत असतानाच सारा हॉकिन्सशी लग्न झालं. शेती केली, दुकान चालवलं, आणि १७७३ च्या डिसेंबरात बायकामुलांसह डोंगर ओलांडून होल्स्टन नदीच्या खोऱ्यात आला. पुढे नोलिचकी नदीकाठी राहिला म्हणून 'नोलिचकी जॅक' हे नाव पडलं.

आता या जमिनीचा कागद बघा, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजाने फर्मान काढलं होतं की अ‍ॅपलेशियन डोंगररांगेच्या पश्चिमेला कुणी वस्ती करायची नाही. तरी लोक गेले. वटॉगा नदीकाठच्या वस्तीने १७७२ मध्ये चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांकडून जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि स्वतःचंच पंचांचं न्यायालय थाटलं. मार्च १७७५ मध्ये सिकमोर शोल्स या उतारावर मोठा बाजार भरला. रिचर्ड हेंडरसनच्या कंपनीने केंटकीचा मोठा भाग आणि आजच्या टेनेसीचा काही भाग दहा हजार पौंडांच्या मालावर 'विकत' घेतला. मागोमाग वटॉगावाल्यांनी आपला भाडेपट्टा दोन हजार पौंडांत खरेदीत बदलून घेतला. म्हातारे चेरोकी प्रमुख राजी होते, पण ड्रॅगिंग कनू हा तरुण सरदार कडाडून विरोध करून तिथून उठून गेला. आमच्या धंद्याच्या भाषेत, खरेदीखत झालं खरं. पण विकणाऱ्यांना सगळ्यांच्या वतीने विकायचा हक्क होता का, आणि घेणाऱ्यांना कायद्याने घेता येत होतं का, दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असंच होतं. असा कागद टिकवायचा तर पाठीशी सरकार हवं, नाहीतर बंदूक. सेव्हीरने आयुष्यभर दोन्ही जमवायचा खटाटोप केला.

जुलै १७७६ मध्ये चेरोकींनी वटॉगाच्या गढीवर हल्ला केला. चेरोकींच्या मानाच्या स्त्री नॅन्सी वॉर्ड यांनी वसाहतवाल्यांना आधीच निरोप धाडला होता म्हणून बरेच लोक वाचले. गाई दोहायला बाहेर गेलेली कॅथरीन शेरिल धावत आली, दार बंद झालेलं. तिने कुंपणावरून उडी मारली आणि सेव्हीरने तिला वरून ओढून घेतलं, ही गोष्ट इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. चार वर्षांनी सारा वारल्यावर त्याने याच कॅथरीनशी लग्न केलं. पहिलीची दहा, दुसरीची आठ, अशी अठरा मुलं.

मिलिशियाबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ही पगारी फौज नव्हे. गावातले धडधाकट पुरुष, स्वतःची बंदूक, स्वतःचा घोडा. कंपनीचा कॅप्टन म्हणजे आपल्याकडच्या पाटलासारखाच. कराच्या याद्यासुद्धा कॅप्टनच्या कंपनीवार बनत. त्यामुळे कर्नल आणि पुढारी ही वेगळी माणसं नसत. सेव्हीर लढवय्या होता आणि नंतर राजकारणात गेला असं लिहितात, ते उलटसुलट आहे. ज्यांना घेऊन तो घोड्यावर जाई, तेच त्याचे मतदार होते आणि त्यांच्याच जमिनी अडकलेल्या होत्या.

१७८० चं किंग्ज माउंटन हे त्याचं निर्विवाद मोठं काम. अमेरिकेचं इंग्लंडशी स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं आणि दक्षिणेत इंग्रजांच्या लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज जोरात होती. (हा तोच कॉर्नवॉलिस. पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध उभा राहिला तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूला होते.) त्याचा मेजर पॅट्रिक फर्ग्युसन याने एका सोडून दिलेल्या कैद्याहाती डोंगरापलीकडच्यांना निरोप धाडला: मुकाट्याने बसा, नाहीतर डोंगर ओलांडून येईन, तुमच्या म्होरक्यांना फाशी देईन आणि मुलूख जाळून काढीन. घाबरावं हा हेतू. झालं उलटं. आयझॅक शेल्बी घोडा फेकत सेव्हीरकडे आला. सेव्हीरकडे तेव्हा घोड्यांच्या शर्यती आणि जेवणावळ चालली होती म्हणतात. दोघांनी ठरवलं की तो यायच्या आधी आपणच जायचं.

पैसा? सेव्हीर गेला जमीन नोंदणीच्या अधिकाऱ्याकडे, जॉन अ‍ॅडेअरकडे. त्याच्या पेटीत लोकांनी जमिनीपोटी भरलेले बारा हजारांवर डॉलर होते. अ‍ॅडेअर म्हणाला की हे पैसे द्यायचा मला अधिकार नाही. पण इंग्रजांनी मुलूख घेतला तर पैसेही जाणारच, तेव्हा घेऊन जा. सेव्हीर आणि शेल्बी जामीन राहिले. म्हणजे ही प्रसिद्ध लढाई लढली गेली ती जमीन नोंदणीच्या गल्ल्यावर. मला स्वतःला या लढाईतला हाच प्रसंग सगळ्यात आवडतो.

२५ सप्टेंबरला सिकमोर शोल्सवर लोक जमले. पाद्री सॅम्युअल डोक यांनी प्रवचन केलं. मग डोंगर चढले, वर बर्फ लागलं. सेव्हीरच्या टोळीतले दोघे वाटेत पळाले आणि फर्ग्युसनला खबर देऊन आले. शेवटच्या रात्री पाऊस. लोकांनी रायफली भिजू नयेत म्हणून अंगावरचे कपडे त्यांना गुंडाळले. ७ ऑक्टोबरला दुपारी नऊशे घोडेस्वारांनी डोंगराला वेढा घातला. वर सुमारे अकराशे राजनिष्ठ, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या बाजूचे. फर्ग्युसन सोडला तर जवळजवळ सगळे अमेरिकनच; हे विसरू नका, शेजारी शेजाऱ्यावर गोळ्या झाडत होता. वरून खाली नेम धरला की गोळी डोक्यावरून जाते, आणि खालच्यांच्या हाती लांब पल्ल्याच्या शिकारी रायफली होत्या, आडोशाला झाडं होती. वरचे संगिनी रोखून खाली आले की हे पांगत, ते परतले की पुन्हा चढत. तासाभरात खेळ संपला. फर्ग्युसन घोड्यावरच गोळ्यांनी चाळण झाला. सेव्हीरच्या बाजूचे २८ मेले, ६२ जखमी. पलीकडचे दीडशेच्या वर मेले, सातशेच्या आसपास कैद झाले. सेव्हीरचा भाऊ रॉबर्ट जखमी झाला आणि परतीच्या वाटेवर गेला.

शरणागतीचं पांढरं फडकं दिसल्यावरही काही वेळ गोळीबार चालू राहिला. आठवड्याने बिगरस्टाफच्या मळ्यात कैद्यांचा 'खटला' चालवून नऊ जणांना झाडाला लटकवलं. स्मारकावर हे नाही.

आता त्या पस्तीस लढायांकडे येऊ. किंग्ज माउंटनहून परतल्यावर महिना-दोन महिन्यांत, डिसेंबर १७८० मध्ये, सेव्हीर चेरोकींवर गेला. बॉइड्स क्रीकला चकमक जिंकली, मग व्हर्जिनियाच्या आर्थर कॅम्पबेलबरोबर चोटासह गावामागून गावं जाळली. कॅम्पबेलच्या स्वतःच्या अहवालात हजार घरं आणि पन्नास हजार बुशेल मका नष्ट केल्याचं अभिमानाने लिहिलं आहे. भर हिवाळ्यात वर्षाचं धान्य जाळणं म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको. १७८१ आणि १७८२ मध्ये पुन्हा तेच. त्याची पद्धत एकच: थोडे घोडेस्वार, झपाट्याने जायचं, जाळायचं, परतायचं. आपली माणसं तो फार गमावत नसे, म्हणून लोक त्याच्यामागे डोळे झाकून जात. पस्तीसचा आकडा चाहत्यांचा. त्यातल्या अनेक 'लढाया' म्हणजे अशाच मोहिमा होत्या. उलट बाजूनेही कत्तली झाल्या. १७९३ मध्ये कॅव्हेट्स स्टेशनवर शरण आलेल्या तेरा जणांना, बायकामुलांसकट, मारलं गेलं; त्यावर सेव्हीर जॉर्जियातल्या एटोवापर्यंत घुसला. ती त्याची शेवटची मोहीम.

मधली चार वर्षं मात्र अगदी अजब. १७८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने डोंगरापलीकडचा प्रदेश केंद्राला देऊन टाकायचा ठराव केला. त्याआधी, १७८३ मध्ये, तिथली जमीन शंभर एकराला दहा पौंड दराने विकायला काढून सात महिन्यांत लाखो एकर कागदावर वाटूनही झाले होते! म्हणजे मलई काढून भांडं केंद्रापुढे सरकवलं. इकडचे लोक वाऱ्यावर. ऑगस्टमध्ये जोन्सबरोला जमून त्यांनी वेगळं राज्य जाहीर केलं. तेवढ्यात नॉर्थ कॅरोलायनाने ठराव मागे घेतला आणि सेव्हीरला ब्रिगेडियर जनरलचं पद देऊ केलं. तो डगमगला, हेही खरं. पण लोकांचा रेटा पाहून मार्च १७८५ मध्ये 'फ्रँकलिन' राज्याचा गव्हर्नर झाला. नाव बेंजामिन फ्रँकलिनचं, त्याने पाठबळ द्यावं म्हणून. म्हातारा हुशार, सल्ला दिला आणि हात झटकले. काँग्रेसमध्ये, म्हणजे केंद्राच्या सभेत, सात राज्यांनी बाजूने मत दिलं, लागत होती नऊ.

या राज्यात नाणं नव्हतं. म्हणून कर जवसाच्या कापडात, बीव्हर आणि हरणाच्या कातड्यात, खारवलेल्या डुकराच्या मांसात, मेणात, तंबाखूत, अगदी राय व्हिस्कीतही भरता येई. त्यातही खोटी नाणी निघाली: रॅकूनच्या स्वस्त कातड्याला ऑटरचं शेपूट शिवून खपवत, अशी आठवण इथे अजून हसत सांगतात.

हसणं तिथेच संपतं. एकाच काउंटीत दोन न्यायालयं, दोन शेरीफ, दोन जमीन नोंदी. एका गटाने दुसऱ्याच्या कोर्टात घुसून दप्तर पळवायचं, दुसऱ्याने ते परत चोरायचं. कुठल्या कोर्टात लागलेलं लग्न खरं, हाही प्रश्न. नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूचा म्होरक्या जॉन टिप्टन. फेब्रुवारी १७८८ मध्ये त्यांच्या शेरीफने सेव्हीरच्या मालकीची गुलाम माणसं थकबाकीपोटी जप्त करून टिप्टनच्या घरी नेली. सेव्हीरने दीडेकशे माणसं घेऊन बर्फात ते घर वेढलं. दोन दिवसांत वेढा मोडला, त्याची दोन मुलं पकडली गेली. राज्याच्या अस्मितेची लढाई म्हणून हिचं वर्णन करतात, पण ठिणगी पडली ती गुलामांच्या जप्तीवरून.

त्याच जूनमध्ये त्याच्या नावावरचा सर्वांत काळा डाग. कर्क कुटुंबातल्या अकरा जणांची हत्या झाली होती. सूड म्हणून निघालेल्या सेव्हीरच्या तुकडीने ओल्ड टॅसल आणि इतर चेरोकी प्रमुखांना पांढऱ्या निशाणाखाली, बोलणीसाठी बोलावलं आणि घरात बसवलं. मग जॉन कर्क नावाच्या तरुणाने कुऱ्हाडीने एकेकाला ठार केलं. ओल्ड टॅसल आयुष्यभर शांततेच्या बाजूने उभा राहिलेला माणूस. सेव्हीर त्या क्षणी तिथे नव्हता. त्याचे चरित्रकार इथे थांबतात. पण तुकडी त्याची होती, आणि मारणाऱ्याला पुढे त्याने काही शिक्षा दिली नाही.

ऑक्टोबरात टिप्टनने त्याला देशद्रोहाच्या आरोपाखाली पकडून बेड्या घालून डोंगरापलीकडे मॉर्गनटनला नेलं. तिथला शेरीफ किंग्ज माउंटनला त्याच्याबरोबर लढलेला. खटला झालाच नाही; मुलं आणि मित्र आले, तो त्यांच्याबरोबर निघून गेला, कुणी पाठलाग केला नाही. वर्षभरात हाच माणूस नॉर्थ कॅरोलायनाच्या सिनेटमध्ये बसला होता आणि अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने मत देत होता! मधल्या काळात त्याने स्पेनच्या वकिलाकडेही चाचपणीची पत्रं धाडली होती. ज्या सरकारच्या शिक्क्याने जमीन पक्की होईल ते सरकार आपलं, एवढा हिशेब धरला की त्याच्या कोलांट्या कोलांट्या वाटत नाहीत.

१ जून १७९६ रोजी टेनेसी राज्य झालं आणि तो पहिला गव्हर्नर. सलग तीनच मुदती घेता येत, म्हणून १८०१ ला थांबला, १८०३ ला पुन्हा उभा राहिला. त्याआधी १८०२ मध्ये मिलिशियाच्या मेजर जनरलपदासाठी त्याची आणि अँड्र्यू जॅक्सनची (जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला) अधिकाऱ्यांच्या मतदानात बरोबरी झाली. गव्हर्नर रोन यांनी निर्णायक मत जॅक्सनला दिलं. मोठी लढाई न लढलेल्या पस्तिशीच्या वकिलाने किंग्ज माउंटनच्या वीराला हरवावं, हे सेव्हीरला जन्मभर झोंबलं.

जॅक्सनकडे हत्यारही होतं: कागद. १७९५ मध्ये सेव्हीरने नॉर्थ कॅरोलायनाचा सचिव जेम्स ग्लासगो याला पत्र लिहिलं होतं. आपल्या वॉरंटांवरची, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या चिठ्ठ्यांवरची, किंमत पन्नास शिलिंगऐवजी दहा पौंड दाखवावी, अशी त्यात विनंती होती, आणि सोबत तीन वॉरंट 'फी' म्हणून. पन्नास शिलिंग हा १७७७ च्या, प्रत्यक्ष कसणाऱ्यांसाठीच्या नोंदीचा दर. त्यात एका कुटुंबाला ठरावीक एकर मिळत. दहा पौंड हा १७८३ च्या खुल्या विक्रीचा. मी अशा फेरफारांवर पोट भरतो, म्हणून सांगतो: दोन शब्द बदलले की नोंदीची जातच बदलते. हा ग्लासगो पुढे जमीन घोटाळ्यात दोषी ठरला. जॅक्सनने सगळं वर्तमानपत्रात छापलं. आणि मतदारांनी? सेव्हीरला आरामात निवडून दिलं. त्यांच्यातल्या किती जणांचे स्वतःचे कागद धड होते?

ऑक्टोबर १८०३ मध्ये नॉक्सव्हिलच्या कोर्टासमोर दोघं समोरासमोर आले. जॅक्सन आपली देशसेवा सांगू लागला, तेव्हा सेव्हीर म्हणाला की दुसऱ्याची बायको घेऊन नॅचेझला जाण्यापलीकडे तुझी कुठली सेवा मला ठाऊक नाही. जॅक्सनची बायको रेचेल हिचा पहिल्या नवऱ्यापासूनचा घटस्फोट पुरा होण्याआधीच जॅक्सनने तिच्याशी लग्न केलं होतं. ही त्याची दुखरी नस. जॅक्सनने द्वंद्वाचं आव्हान दिलं, तारखा लांबल्या, जॅक्सनने याला भेकड म्हणून छापलं. शेवटी किंग्स्टनजवळ रस्त्यात गाठ पडली. शिव्या, पिस्तुलं, तलवार. सेव्हीरचा घोडा त्याची पिस्तुलं घेऊनच पळाला आणि अठ्ठावन्न वर्षांचे गव्हर्नरसाहेब झाडाआड झाले. रक्त सांडलं नाही. दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं आहेत आणि ती जुळत नाहीत. बांधाच्या भांडणात कधी जुळली आहेत?

सेव्हीर रोजनिशी लिहायचा. हवापाणी, कुणाकडे मुक्काम, दाढदुखीवर काय लावलं, असलं कोरडं. त्यात या भांडणानंतरचं एक स्वप्न सापडतं. वारलेले वडील आकाशातून ढगासारख्या वाहनात खाली येतात. हा विचारतो, तिकडची काय खबर? वडील म्हणतात, तिकडे सगळी शांतता आहे, पण तुझ्या आणि जज जॅक्सनच्या भांडणाची बरीच चर्चा चालली आहे. हा चकित: इतक्यात वरपर्यंत पोचलं? वडील सांगतात की तिथे सगळे जॅक्सनला दुष्ट समजतात, तू जपून वाग, सगळे तुझ्याच बाजूचे आहेत. त्याच्या पुतळ्यांपेक्षा या नोंदीत मला तो जास्त दिसतो. स्वर्गातसुद्धा मतं मोजणारा.

१८०९ पर्यंत गव्हर्नर, १८११ पासून काँग्रेसमध्ये. १८१४ मध्ये जॅक्सनने क्रीक या मूळ रहिवासी लोकांना हरवून फोर्ट जॅक्सनच्या तहाने दोन कोटींवर एकर जमीन काढून घेतली. त्या तहाची हद्द जमिनीवर आखायला राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी १८१५ मध्ये सेव्हीरला नेमलं. सत्तरीचा माणूस अलाबामाच्या रानात आपल्या वैऱ्याने मिळवलेल्या मुलखाची मोजणी करत होता. तिथेच ताप आला. २४ सप्टेंबरला, सत्तरावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, फोर्ट डेकेटरजवळ तो गेला आणि टालापूसा नदीकाठी त्याला पुरलं. १८८९ मध्ये तिथून उकरून नॉक्सव्हिलला आणलं. तुम्ही पाहिलंत ते स्मारक त्याच्या कबरीवरचं. शेजारी कॅथरीन आहे, तिला आणायला मात्र १९२२ उजाडलं.

पुढच्या खेपेला वेळ असेल तर जॉन्सन सिटीला टिप्टनचं घर बघून या. ते राखून ठेवलं आहे, आणि तिथे हीच कथा तुम्हाला उलट्या बाजूने ऐकायला मिळेल.